मालगुंडचे कवि केशवसुत

रत्नागिरी जिल्ह्यांत गणपतीपुळ्याच्या शेजारीं, समुद्राच्या कांठीं मालगुंड हें लहानसें गांव आहे. त्या गांवीं १८६६ सालीं कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांस केशवसुत या नांवानें ओळखतो व आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून त्यांचा गौरव करतो. त्यांच्या काव्यसौंदर्याविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. प्रस्तुत लेखांत त्यांच्या चरित्राकडे एका निराळ्या दृष्टीनें पाहावयाचें आहे. जी सत्ता मनुष्यांना तुडविते, तिलाच तीं मनुष्यें आपण होऊन आधार कां देतात, हा तो प्रश्न होय.

कृष्णाजीपंतांचे वडील केशवपंत हे प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. संसार मोठा व मिळकत बेताची. विद्येसाठीं मुलाला बडोदें, वर्धा, नागपूर व पुणें असें ठिकठिकाणीं फिरावें लागलें. नागपुरास असतांना रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला; हे टिळकही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यांतलेच. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८८९ सालीं कृष्णाजीपंत मॅट्रिकची परीक्षा उतरले, तेव्हां त्यांचें वय तेवीस वर्षांचें होतें. कॉलेजाचें शिक्षण त्यांना लाभलें नाहीं. त्यांचे बंधु मोरो केशव दामले यांनीं पुढें १९११ सालीं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला.

पुण्यांतील तो काळ विचारांच्या खळबळीचा होता. गोपाळ गणेश आगरकर यांचें ‘सुधारक’ पत्र १८८८ सालीं निघालें. कोणतीही चाल केवळ जुनी म्हणून मान्य करूं नये, तिचें कारण विचारावें, हें आगरकरांच्या शिकवणुकीचें सार होतें. तरुण केशवसुतांच्या मनावर तिचा खोल ठसा उमटला. त्याच वर्षीं त्यांनीं एका अस्पृश्य मुलाच्या पहिल्या प्रश्नावर कविता लिहिली. वाटेवर खेळणाऱ्या त्या मुलाला एक उच्चवर्णीय गृहस्थ दरडावून दूर सारतो. मूल घरीं येऊन आईला याचें कारण विचारतें. ते थोर आणि आपण हलके, एवढेंच आई सांगूं शकते. मुलाचें समाधान होत नाहीं.

या लहानशा प्रसंगांत एक मोठें सत्य सांठविलेलें आहे. तेथें शिपाई नाहीं, तुरुंग नाहीं. तरीही ती सत्ता अढळ आहे. कारण जिला ती चिरडते, ती आईच आपल्या मुलाला तिचा पहिला धडा देत आहे. रूढीच्या राज्याला तीन खांब असतात. पहिला संवयीचा, जें जन्मापासून पाहिलें तें नैसर्गिक वाटतें. दुसरा भीतीचा, जातीबाहेर पडण्याचें धैर्य एकट्यादुकट्याला होत नाहीं. तिसरा अहंकाराचा, प्रत्येक पायरीवरील मनुष्याला आपल्याहून खालीं कोणी आहे हें समाधान मिळतें, म्हणून वरच्या पायरीचा अपमान तो निमूटपणें गिळतो.

विसाव्या शतकांतील हुकूमशहांनीं हेच खांब नव्यानें उभारले. जर्मनी १९१८ सालीं युद्ध हरला; १९३२ च्या आरंभीं तेथें सुमारें साठ लाख लोक बेकार होते. त्या वर्षीं जुलैमध्यें हिटलरच्या पक्षाला शेंकडा ३७ मतें मिळालीं व तो सर्वांत मोठा पक्ष झाला. जानेवारी १९३३ मध्यें हिटलर अधिकारावर आला आणि सहा महिन्यांच्या आंत इतर सर्व पक्ष नाहींसे करण्यांत आले. स्वस्त रेडिओ घरोघर पोंचविण्यांत आले. मुलांच्या संघटना काढून शाळेपासूनच हात उंच करून वंदन करण्याची संवय लावण्यांत आली. विरोधकांना छळछावण्यांची भीति होती. शेजारच्या यहुद्यांना हलकें ठरवून सामान्य मनुष्याच्या अहंकाराला खाद्य पुरविण्यांत आलें. ज्यांना काम मिळालें, त्यांपैकीं अनेकांनीं शेजाऱ्याच्या दाराकडे पाहण्याचें टाळलें. १९४५ सालीं त्या राज्याचा अंत झाला, परंतु तोंवर कोट्यवधि जीव गेले होते. आपल्या कोंकणाला लागून असलेल्या गोव्यांतही पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या अमलांत वर्तमानपत्रांतील मजकूर छापण्यापूर्वीं तपासला जाई. तो अंमल डिसेंबर १९६१ मध्यें संपला.

केशवसुतांनीं यांपैकीं कांहींच पाहिलें नाहीं. तथापि सत्तेचें मूळ लोकांच्या मनांत असतें, हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणूनच १८९३ सालच्या ‘तुतारी’ या कवितेंत त्यांचा रोख एखाद्या राजावर नसून निजलेल्या समाजावर आहे. ‘नवा शिपाई’ या कवितेंतील त्यांचा सैनिक कोणत्याही एका जातीचा किंवा पंथाचा चाकर नाहीं. सारी मानवजात तो आपली मानतो.

हुकूमशहा आपली तसबीर प्रत्येक भिंतीवर लावतो. केशवसुतांनीं मात्र आपलें छायाचित्र कधीं काढवून घेतलें नाहीं. त्यांचें एकही छायाचित्र आज उपलब्ध नाहीं. कवितेखालींही त्यांनीं स्वतःचें नांव न घालतां केवळ केशवाचा पुत्र एवढीच ओळख ठेविली. त्यांच्या कवितांचा संग्रह हरि नारायण आपटे यांनीं प्रसिद्ध केला तो १९१७ सालीं, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनीं.

त्यांचें आयुष्य शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारावर गेलें. मुंबईंत कांहीं वर्षें, नंतर खानदेशांत व १९०४ पासून धारवाडच्या सरकारी हायस्कुलांत त्यांनीं अध्यापन केलें. ७ नोव्हेंबर १९०५ रोजीं हुबळी येथें प्लेगनें त्यांचा अंत झाला. वय अवघें एकोणचाळीस. मालगुंडास कोंकण मराठी साहित्य परिषदेनें त्यांचें स्मारक उभारलें असून तें १९९४ सालीं खुलें झालें. सहलीस गणपतीपुळ्याला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तें अवश्य पाहावें.

विद्यार्थिमित्रहो, शिस्तीवांचून शाळा चालत नाहीं आणि वडिलांचा मान राखणें हा आपला धर्मच आहे. परंतु विनयानें कारण विचारणें म्हणजे उद्धटपणा नव्हे. ज्या आज्ञेला खरें कारण आहे, ती विचारल्यानें दुबळी होत नाहीं. जिला कारण नाहीं, तीच प्रश्नाला भिते. पालकांसही नम्र विनंती अशी कीं, घरांतील मूल जेव्हां कां असें विचारील, तेव्हां जगाची रीतच अशी आहे असें सांगून त्याला गप्प करूं नये. उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्यासह तें शोधावें.