सत्य शिकवणुकीचे राखणदार : संत जोसेफ वाज

अमरावती-अकोल्याच्या श्रद्धाळु बंधुभगिनींपुढें आम्ही संत जोसेफ वाज यांचें चरित्र ठेवीत आहों. त्यांचा जन्म १६५१ सालीं गोव्यांतील बाणावली येथें झाला. त्या काळीं लंकेचा किनारा डचांच्या हातीं होता. कॅथलिक धर्मगुरूंस हांकून देऊन त्यांनीं कॅल्विनचें मत लोकांवर लादिलें होतें. मेंढपाळावांचून कळप भटकतो, हें जाणून वाज १६८७ सालीं गरिबाच्या वेषानें तेथें उतरले. गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत; तिच्याकडे जो आदरानें पाही, तो स्वधर्मीय हें ते ओळखीत. कांडीच्या राजानें हेर समजून त्यांस बंदींत टाकिलें. तेथेंही त्यांनीं मिस्साबलिदान अर्पिलें. तमिळ व सिंहली भाषा शिकून त्यांनीं लोकांस धर्मशिक्षण दिलें. त्यांचे सहकारी दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस यांनीं त्याच भाषांत ग्रंथ रचिले. १७११ सालीं वाज कांडी येथें निवर्तले. २०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संतपद दिलें.

त्यांनीं परमताचा द्वेष शिकविला नाहीं. स्वमताचें ज्ञान दिलें. जी शिकवण आम्हांस साक्रामेंतांपासून व प्रेषितांच्या ख्रिस्तसभेपासून तोडिते, ती कितीही गोड असली तरी परकी होय. ती ओळखावयाची तर धर्मशिक्षणाची ज्योत घरोघरीं तेवत ठेविली पाहिजे.