नो डाऊनलोड! (कापरेकर मास्तरांची गोष्ट)

एनएसएसच्या कॅम्पला वेल्ह्याच्या डोंगरात जे आले होते त्यांना आठवत असेल, पहिल्याच दिवशी माझी कशी फजिती झाली ते. बसमध्ये मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की शाळेतल्या पोरांना मी मोबाईलवर गेम दाखवणार. एकदम फुकट, ब्राउझरमध्येच चालणारे, डाऊनलोड करायची भानगड नाही. यादीसुद्धा करून नेली होती. भोरहून निघून नसरापूरला वळलो तोवर रेंज फुल्ल. वेल्हे मागे टाकून केळदच्या रस्त्याला लागलो आणि मोबाईलवरच्या दांड्या एकेक करून गळाल्या.

शाळेत पाचवी ते सातवीची पोरं रांगेत बसलेली आणि माझ्या स्क्रीनवर नुसतं गोल फिरणारं चक्र. डाऊनलोड नको असलेल्या गेमलासुद्धा इंटरनेट लागतंच, हे मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असून विसरलो होतो! त्यात यादीतले दोन-तीन गेम माझ्या लहानपणचे, फ्लॅशवर चालणारे. २०२० सालच्या डिसेंबरअखेर फ्लॅशच बंद झालं, म्हणजे रेंज असती तरी ते उघडले नसते. मागे बसलेल्या आपल्या मंडळींनी हसायला सुरुवात केली होती.

मग मी मोबाईल खिशात टाकला, खडू उचलला आणि पोरांना एक चार आकडी संख्या सांगायला सांगितली. शिवरायांच्या मुलखातली पोरं ती! पहिलीच संख्या आली १६७४, राज्याभिषेकाचं साल. आकडे उतरत्या क्रमाने लावले, ७६४१. चढत्या क्रमाने लावले, १४६७. वजाबाकी केली, ६१७४. दुसरी संख्या आली १६३०, शिवजन्माचं साल. ६३१० वजा ०१३६, पुन्हा ६१७४. पोरं सावरून बसली. तिसरीने मुद्दाम १६८० दिली. पहिल्या वजाबाकीत ८४४२ आले, पण आलेल्या उत्तराचे आकडे पुन्हा तसेच लावायचे आणि वजा करायचे, असं करत गेलो. ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या खेपेला ६१७४! तोरण्याची उंची १४०३ मीटर, ती घेतली तर दोनच पायऱ्यांत ६१७४. पाट्या, वह्या, कंपासपेट्या भराभर बाहेर आल्या. मोबाईलची कुणाला आठवणही राहिली नाही.

हा खेळ माझा नव्हे. तो शोधला एका शाळामास्तरांनी. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला कापरेकर नंबरचा प्रोग्रॅम लिहिलाय, पण हा माणूस कोण, कुठला, हे विचारायचं राहून गेलं. माझंही राहिलं होतं. परत आल्यावर शोधून वाचलं, ते थोडक्यात सांगतो.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद. ज्योतिष म्हटलं की आकडेमोड आलीच, तीच वडिलांबरोबर बसून पोराच्या अंगी लागली. शाळा ठाण्याला झाली. तिथे हे महाशय कोडी सोडवत तासन्‌तास बसून राहायचे. १९२३ साली पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले आणि लगेच नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत मास्तर म्हणून लागले. पुढे एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, परदेश नाही. १९६२ साली रिटायर होईपर्यंत देवळाली आणि फळा, बस्स.

पण या माणसाचं डोकं सतत संख्यांशी खेळत असायचं. एकदा डोंबिवलीच्या स्टेशनवर एक कल्पना सुचली, तर त्या संख्यांना स्टेशनवरून डेम्लो संख्या असं नाव देऊन टाकलं. १, १२१, १२३२१ ही त्यातलीच मंडळी. १, ११, १११ यांचे वर्ग करून बघा. ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने भाग जातो तिला हर्षद म्हणजे आनंद देणारी म्हटलं. रामानुजनची १७२९ घ्या. १+७+२+९ = १९, आणि १९ गुणिले ९१ = १७२९. झाली की हर्षद! ज्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात त्या अशा: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. २०२५ साल हे असं ४५ चा वर्ग होतं.

होस्टेलवाल्यांसाठी एक खास. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २+१ मिळवले की २४. म्हणजे २४ चा जन्म २१ पासून झाला. पण २० बघा, ती अशी कुठूनच मिळत नाही. ३१, ४२, ५३, ६४ यासुद्धा नाही. ज्यांना जनकच नाही अशा या संख्यांना कापरेकरांनी आपल्या गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या. १९६३ मध्ये यावर पुस्तकही काढलं. तुमचा रोल नंबर ५३ असेल तर कॉलर ताठ करायला हरकत नाही.

६१७४ चा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, १९५५ मध्ये तो स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या परदेशी नियतकालिकात छापून आला. तरीही इथल्या बऱ्याच गणित्यांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. ना कुठला मोठा सिद्धांत, ना कशाला उपयोग, वर डिग्री नाही. लोक हसायचे. कापरेकर परिषदांना जात राहिले, छोट्या छोट्या पुस्तिका स्वतःच काढत राहिले आणि शाळाशाळांतून मुलांपुढे आकड्यांच्या गमती सांगत राहिले. लोक त्यांना गणितानंद म्हणायचे. मोठ्यांनी हसून सोडून दिलेल्या गोष्टी पोरांना मात्र आवडायच्या, आणि मास्तरांना तेवढं पुरत असावं.

आता कॅम्पकडे परत येतो, कारण खरी गोष्ट पुढेच आहे. तास संपता संपता सहावीतला एक पोरगा पाटी घेऊन आला. गुरुजींनी आधीच सांगितलं होतं, की गणितात त्याचा जीव रमत नाही. त्याने २१११ घेतली होती. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. पुढे ९९९ वजा ९९९, शून्य! त्याने शांतपणे मला सांगितलं, की दादा, तुमचे कापरेकर मास्तर चुकले. सगळा वर्ग ओरडला. मी वजाबाकी तपासली, बरोबर होती. मला उत्तर देता येईना. उद्या सांगतो म्हणून वेळ मारून नेली.

रात्री जेवणं झाल्यावर कंदिलाशी वही घेऊन बसलो. आकडे अ, ब, क, ड उतरत्या क्रमाने धरले तर वजाबाकी येते ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). म्हणजे मूळ संख्या कुठलीही असो, पुढचं सगळं या दोन फरकांवरच ठरतं, आणि चारही आकडे सारखे नसले, तर अशा जोड्या होतात फक्त ५४. दहा हजारांच्या गर्दीतून पहिल्याच पायरीला आपण ५४ उत्तरांत येतो. ते ५४ तपासले की झालं, सातच्या पुढे एकही जात नाही. पण मग ९९९ चं काय? तेवढ्यात ट्यूब पेटली. खेळ चार आकडी आहे, तर ९९९ नव्हे, ०९९९ लिहायला हवं! ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. पाच पायऱ्या. फर्स्ट इयरला माझ्या प्रोग्रॅममध्ये हीच चूक झाली होती, तेव्हा मी मित्राचा कोड कॉपी करून सबमिशन केलं होतं. म्हणून चूक कळलीच नव्हती. ती कळायला वेल्ह्यातल्या सहावीच्या पोराने पाटी घेऊन यावं लागलं!

सकाळी त्या पोराला फळ्यापाशी बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की चूक मास्तरांची नाही आणि त्याचीही नाही, माझी आहे. पुढचं शून्य सोडायचं नाही हा नियम मीच सांगितला नव्हता. मग बाकीचं गणित त्यानेच फळ्यावर केलं. हातचा घेताना दोनदा अडखळला. पण या खेळात एक सोय आहे. सात खेपांत ६१७४ आले नाहीत, की कुठेतरी चुकलंय हे आपलं आपल्यालाच कळतं, कुणी ओरडावं लागत नाही. त्याने पुसलं, पुन्हा केलं आणि ६१७४ आल्यावर खाली दोन रेघा मारल्या. दुपारी जेवायच्या पंगतीत तो दुसरीच्या पोरांना तीन आकडी खेळ शिकवत होता. तिथे तिन्ही आकडे सारखे नसले, तर उत्तर नेहमी ४९५ येतं. गुरुजी बघत उभे होते.

कापरेकर मास्तरांची शेवटची वर्षं सोपी नव्हती. १९६६ मध्ये पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना, म्हणून म्हातारपणी शिकवण्या घ्याव्या लागल्या. मग १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाला देवळालीचा मास्तर माहीत झाला. तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले. हसणाऱ्यांपैकी किती जणांची नावं आज प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात आहेत, ते तुम्हीच शोधा.

माझ्या यादीतले गेम छान होते, मी तेच खेळत मोठा झालो. पण कंपनीने बटण बंद केलं आणि त्यातले काही संपले. मास्तरांचा खेळ १९४९ पासून चालूच आहे. त्याला खडूचा तुकडा पुरतो, आणि समोरच्या पोराला मोठ्या माणसाची चूक काढता येते.

निघताना त्या पोराने बसच्या खिडकीशी येऊन विचारलं, की पाच आकडी घेतले तर काय येईल? मी सांगितलं, तिथे असं एकच उत्तर नाही, संख्या गोल गोल फिरत राहतात. त्याला ते पटलं नाही. करून बघतो म्हणाला.

असो. रात्री मेसच्या रांगेत उभे असाल तेव्हा मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे घेऊन बघा. आणि पुढचं शून्य सोडू नका!