कै. चिंतामणराव देशमुख : परधनाचे राखणदार

लोकांनी विश्वासाने हाती सोपविलेले द्रव्य सांभाळणे हे स्वतःचे द्रव्य मिळविण्याहून अवघड काम आहे. देवस्थानाच्या कारभाराशी पिढ्यान्‌पिढ्या निगडित असलेल्या महाजन कुळांना हे निराळे सांगावयास नको. देवाच्या पेटीतील पै-पैचा जमाखर्च वेळच्या वेळी मांडला गेला नाही तर भक्ताचा विश्वास डळमळतो, आणि एकदा डळमळलेला विश्वास पुन्हा बसविणे दुष्कर होते. स्वतंत्र भारताच्या आरंभीच्या काळात हीच जबाबदारी सबंध देशासाठी ज्यांनी वाहिली आणि ती कायद्याच्या चौकटीत बसविली, त्या डॉ. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे चरित्र म्हणूनच मननीय आहे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडच्या परिसरातील नाते या गावी झाला. देशमुखांचे घराणे रोह्याचे. वडील वकिली करीत. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विश्वविद्यालयात पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकाविली. केंब्रिज येथे त्यांनी निसर्गविज्ञानाचे अध्ययन केले व १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला. मध्य प्रांत व वऱ्हाडात दीर्घकाळ सेवा केल्यावर १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि १९४३ साली तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० साली ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठविले.

अर्थमंत्री म्हटला की सामान्य माणसास अंदाजपत्रक आठवते. परंतु चिंतामणरावांचे खरे चिरस्थायी कार्य त्यांनी संसदेत मांडलेल्या व कलमा-कलमाने लढविलेल्या विधेयकांत आहे. १९५३ चा मृत्युकराचा कायदा हे त्यांतील एक. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात सहभागीदाराच्या मृत्यूनंतर त्याचा हिस्सा कोणता धरावा हा प्रश्न मोठा किचकट होता. अशा हिश्श्यासाठी करमाफीची मर्यादा ५०,००० रुपये व इतर संपत्तीसाठी १ लाख रुपये ठरली. हा कर १९८५ साली रद्द झाला.

१९५५ साली त्यांनी स्टेट बँकेचे विधेयक आणले. ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या समितीने खेड्यातील शेतकरी अजून सावकाराच्याच दारी उभा असल्याचे दाखवून दिले होते. त्यावर उपाय म्हणून इम्पीरियल बँकेची मालकी भागधारकांना मोबदला देऊन रिझर्व्ह बँकेकडे घेण्यात आली आणि १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँक जन्मास आली. पाच वर्षांत निदान ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन कायद्यातच घालण्यात आले. केवळ सदिच्छा व्यक्त करून न थांबता आकडा आणि मुदत कायद्यात लिहून ठेवणे, ही या विधेयकाची खरी मातब्बरी. ती मुदत पाळलीही गेली.

त्याच वर्षी कंपनी कायद्याचे प्रचंड विधेयक संसदेत संमत झाले. भाभा समितीच्या अहवालावर आधारलेल्या या कायद्यात ६५८ कलमे होती. भाग विकत घेणारे हजारो, आणि कारभार मात्र मॅनेजिंग एजंट म्हणविणाऱ्या मूठभर घराण्यांच्या हाती, अशी तेव्हाची स्थिती होती. सभागृहातील एक पक्ष ही पद्धत तत्काळ मोडावी म्हणत होता, तर दुसरा तिला हात लावू नये म्हणत होता. चिंतामणरावांनी मधला मार्ग धरला. एका एजंटाकडे १५ ऑगस्ट १९६० नंतर दहाहून अधिक कंपन्या असू नयेत असे बंधन घातले गेले, हिशेबतपासणी कडक झाली आणि भागधारकांस माहितीचा हक्क मिळाला. ती पद्धत पुढे १९७० साली पूर्णपणे बंद झाली.

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण हा त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री त्यांनी आकाशवाणीवरून तो जाहीर केला आणि त्याच वेळी वटहुकूम निघाला. आधी वाच्यता झाली असती तर विमेदारांचा पैसा रातोरात अन्यत्र हलविला जाण्याचा धोका होता. २४५ विमा संस्थांचा कारभार असा सरकारकडे आला. त्यानंतरचे विधेयक संसदेत संमत होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले.

परंतु त्या दिवशी ते स्वतः मंत्रिपदावर नव्हते. १६ जानेवारीस मुंबई शहर केंद्रशासित करण्याची घोषणा झाली होती. मुंबईत असंतोष उसळला, गोळीबार झाला, माणसे प्राणास मुकली. चिंतामणरावांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला. पंतप्रधानांच्या आग्रहास्तव ते काही महिने थांबले, हाती घेतलेली विधेयके त्यांनी तडीस नेली, आणि जुलैमध्ये ते पद सोडून बाहेर पडले. राज्यपुनर्रचनेचे विधेयक संसदेपुढे असतानाच, २५ जुलै १९५६ रोजी, त्यांनी लोकसभेत आपली भूमिका मांडली. मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता एवढा मोठा निर्णय घेतला गेला आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे दोन मुख्य आक्षेप. ज्याने आयुष्यभर इतरांकडून हिशेब मागितला, त्याने राज्यकर्त्यांकडूनही तोच मागितला. पुढच्याच महिन्यात संसदेने मुंबईसह द्विभाषिक राज्य स्वीकारले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

त्यानंतर विश्वविद्यालय अनुदान मंडळाचे अध्यक्षपद व दिल्ली विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार व १९७५ साली पद्मविभूषण लाभले. कालिदासाच्या मेघदूताचे मराठी पद्यरूपांतर करणारा हा अर्थतज्ज्ञ संस्कृतात स्वतः काव्यरचनाही करीत असे. पत्नी दुर्गाबाई यांच्यासमवेत त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे हैदराबादेत घालविली आणि तेथेच २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

ते कायदे संमत झाले तेव्हा गोमंतक पारतंत्र्यात होते. मुक्तीनंतर ती व्यवस्था येथेही आली. आज आपल्याकडील कितीतरी देवस्थानांच्या ठेवी बँकेत निर्धास्तपणे असतात आणि कितीतरी घरांचा आधार विम्याच्या एका कागदावर असतो. त्या निर्धास्तपणामागे चिंतामणरावांची अक्षरे आहेत. परधनाचा राखणदार कसा असावा, आणि वेळ आली तर त्याने किल्ल्या खाली ठेवून कसे उठावे, या दोन्हींचा धडा त्यांच्या चरित्रात आहे.