माँटेसरीबाईंचे गणित

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा लकडा चिटणीसबाईंनी लावला, तेव्हा मला आपल्या बालवाडीच्या कपाटातली एक लाकडी पेटी आठवली. जुन्या भगिनींच्या ती चांगली ध्यानात असेल. आत आठ ठोकळे : एक तांबडा घन, एक निळा घन, तीन तांबडे-काळे आणि तीन निळे-काळे. मुलांनी रंगाला रंग जुळवून ते पुन्हा पेटीत बसवावयाचे. तेवीस वर्षे मी ती पेटी पुसली, मांडली, उचलून ठेवली. हा रंगांचा खेळ, एवढीच माझी समजूत.

एके दिवशी धाकट्या भावाला न्यावयास आलेली आठवीतली एक मुलगी ते ठोकळे पाहून हरखली. हे तर आमच्या बीजगणितातले सूत्र, अ अधिक ब यांचा घन, असे ती म्हणाली. मी हसून मान डोलावली, पण मला काही उमगले नव्हते. आमच्या वेळी शाळेत बीजगणित-भूमिती सोडून नुसते अंकगणित घेता येई, आणि जोडीला गृहशास्त्र. मुलीच्या जातीला ते अवघड गणित कशाला, असे घरी ठरले, शाळेनेही होकार दिला. त्यांनाच बोल लावण्यात अर्थ नाही. मलाही सुटल्यासारखेच वाटले होते.

ती पेटी जिने योजली त्या मारिया माँटेसरीबाईंचे चरित्र मग मी मिळवून वाचले. बाई जन्मल्या ३१ ऑगस्ट १८७० रोजी, इटलीतल्या किआराव्हाले गावी. वडील सरकारी नोकरीत, जुन्या वळणाचे. आई वाचनाची आवड असलेली. मुलगी पाच वर्षांची असताना बिऱ्हाड रोमला आले. त्या काळी शिकणाऱ्या मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, अशी रीत. आईवडिलांनीही तेच सुचविले होते. पण तेराव्या वर्षाच्या सुमारास मारियेने तांत्रिक शाळेत नाव घातले. ही शाळा मुख्यतः मुलग्यांची. अंकगणित, बीजगणित, भूमिती, हिशेब, शास्त्र असे तिथले विषय. वडिलांना हे रुचले नाही. आई मात्र पाठीशी राहिली. १८८६ साली ती शाळा संपवून ती वरच्या तांत्रिक विद्यालयात गेली आणि १८९० पर्यंत पदार्थविज्ञान, रसायन, वनस्पती, प्राणी, रेखन आणि दोन परभाषा शिकली. गणितात तिची विशेष गती होती. इंजिनीयर व्हायचे, हा तेव्हाचा बेत.

इंजिनीयर ती झालीच नाही. शाळा संपता संपता मनाने घेतले की डॉक्टर व्हायचे. आता कोणी म्हणेल, एवढे गणित घोकले ते फुकट गेले. वाचता वाचता मलाही क्षणभर तसेच वाटले, कारण वैद्यकीला लॅटिन लागे आणि ते या शाळेत नव्हते. म्हणजे अवघड वाट धरूनही नेमके दार बंदच. पण तांत्रिक विद्यालयाच्या दाखल्यावर रोमच्या विद्यापीठात निसर्गशास्त्राला प्रवेश मिळाला. तिथे दोन वर्षे काढून, लॅटिनची तयारी करून १८९३ साली ती वैद्यकीच्या वर्गात बसली. शवविच्छेदन पुरुष विद्यार्थ्यांबरोबर करू देत नसत म्हणून वर्ग सुटल्यावर ती एकटी करी. संध्याकाळी प्रेतांच्या खोलीत एकटी मुलगी! आपल्यापैकी किती जणी टिकल्या असत्या, कोण जाणे. १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीतल्या पहिल्या काही डॉक्टरिणींपैकी एक.

पुढचे आपणा सर्वांस ठाऊक आहे. मतिमंद म्हणून टाकलेल्या मुलांना बाईंनी शिकविले, आणि ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. बाईंची माया, बाईंचे वात्सल्य यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. मला वाटते, माया तर आपल्या आजीपाशीही होती. बाईंजवळ मोजण्याची सवय होती. दांड्या दहा-दहा सेंटिमीटरने वाढणाऱ्या, मण्यांच्या माळा दहाच्या, शंभराचा चौरस, हजाराचा घन. शाळेत भूमिती टाळली असती तर हे कोठून सुचते?

१९३९ साली बाई पुत्र मारिओसह मद्रासला अड्यारला आल्या. वय एकोणसत्तर. पुढल्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारने मारिओंना स्थानबद्ध केले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांना सोडले. युद्धाची सारी वर्षे बाईंनी येथेच शिक्षक घडविण्यात घालविली. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी त्याआधीच, १९२६ पासून, गिजुभाई बधेका यांच्यासह हे काम हाती घेतले होते, आणि १९४५ मध्ये बोर्डीला ते खेड्यातल्या मुलांपर्यंत नेले. बाई ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये निवर्तल्या.

चरित्र मिटले आणि मी त्या आठवीतल्या मुलीला निरोप धाडला. पन्नाशी उलटली होती, लाज वाटत होती. ती रोज संध्याकाळी भावाला न्यावयास यायची ती अर्धा तास थांबू लागली. मी सतरंजीवर बसे, ती ठोकळे मांडी. तांबडा घन म्हणजे अ, निळा म्हणजे ब, एवढे पहिल्या दिवशी समजले. तांबडे-काळे ठोकळे तीनच का, हे मात्र तिसऱ्या दिवशी, तिने एक वर, एक समोर आणि एक बाजूला असे तांबड्या घनाला चिकटवून दाखविले तेव्हा.