विश्रामपूरचा वैद्य-पाळक : रेव्ह. ऑस्कर लोर

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर आज भिलाई-३ ची वस्ती उभी आहे. १८६८ साली रेल्वे नागपूरपर्यंतच होती. पुढे छत्तीसगडात शिरायचे तर बैलगाडीचाच आधार. त्या वर्षी पत्नी व मुलांसह रायपूरला पोहोचलेले रेव्ह. ऑस्कर लोर हे या भूमीतील पहिले मिशनरी होत.

लोर यांचा जन्म १८२४ साली सायलेशियात झाला. वडील शल्यवैद्य, त्यामुळे औषधोपचाराचे शिक्षण त्यांना तरुणपणीच लाभले. गॉसनर मिशनतर्फे १८५० मध्ये ते रांचीस आले. सात वर्षांची सेवा रुजू लागली असतानाच १८५७ चा उठाव झाला. सर्व सोडून त्यांना निघावे लागले. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये जर्मन मंडळीचे पाळकपद मिळाले, संसार स्थिरावला. तरीही भारताची ओढ शमली नाही. १८६५ मध्ये तेथील जर्मन ख्रिस्ती जनांनी मिशनसंस्था स्थापन केली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी लोर पुन्हा या देशी परतले.

गुरू घासीदासांच्या शिकवणीने सतनामी समाज मूर्तिपूजा सोडून एका सत्यनामाची उपासना करीत होता. त्यांनी लोर यांचे प्रेमाने स्वागत केले, तेव्हा हा सारा समाज लवकरच ख्रिस्ताकडे वळेल अशी आशा त्यांना वाटली. परंतु पहिल्या बाप्तिस्म्यांच्या वेळी जानवी उतरवली गेली आणि विरोध उसळला. सतनाम्यांना ते जानवे मोठ्या संघर्षानंतर मिळालेल्या मानाचे चिन्ह होते. जवळ आलेले लोक दुरावले.

लोर मात्र खचले नाहीत. मिशनने घेतलेल्या पडीक जमिनीवर त्यांनी विश्रामपूर वसवले. दवाखाना, शाळा आणि १८७४ साली इम्मानुएल मंदिर उभे राहिले. मिशन गावाचे मालगुजारही झाले. त्यामुळे पाळक आणि जमीनमालक या दोन भूमिकांचा ताणही मंडळीला सोसावा लागला. त्यांचे पुत्र जूलियस यांनी मार्काचे शुभवर्तमान छत्तीसगडीत आणले. १९०७ साली लोर प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.

मोठ्या पिकाची आशा धरून आलेल्या या सेवकाला आरंभी मूठभर दाणेच मिळाले. पण तेवढ्यासाठी त्याने उरलेले आयुष्य वेचले. आपल्या मंडळीत फळ दिसेनासे झाले की आपण नांगर खाली ठेवतो. अशा वेळी विश्रामपूरच्या या पेरणाऱ्याचे स्मरण करावे.