दिपाजी राणे

गोमंतकाच्या ईशान्येस, सह्याद्रीच्या पायथ्याशी सत्तरी हा अरण्यमय प्रांत आहे. राणे हे तेथील वंशपरंपरागत वतनदार होते. पोर्तुगीज सरकार त्यांच्या हक्कांत व चालीरीतींत हात घालू लागले, तेव्हा दिपाजी राणे यांनी सन १८५२ च्या जानेवारीत नाणूसचा किल्ला हस्तगत करून बंडाचे निशाण उभारले. रान व घाट हेच त्यांचे तट झाले. तीन वर्षे ते सरकारी फौजेस आवरले नाहीत. अखेर १८५५ साली सरकारास त्यांच्याशी समेट करणे भाग पडले. या धामधुमीची झळ गरीब रयतेसही लागली, हे आम्ही विसरत नाही. तथापि वऱ्हाडातील आमच्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी धरावे की, गाऱ्हाणे वेळीच ऐकले जाते, तर शस्त्र उपसण्याची पाळी येती ना.