अल-ख्वारिज्मी : ‘अल्गोरिदम’ हा शब्द ज्यांच्या नावावरून आला

आपल्या घरातली मुलं-मुली कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जावा शिकू लागली की ‘अल्गोरिदम’ हा शब्द रोज कानावर पडतो. अल्गोरिदम म्हणजे एखादा प्रश्न सोडवण्याच्या ठरलेल्या, ओळीने लिहिलेल्या पायऱ्या. शब्द इंग्रजी वाटतो, पण मुळात ते एका मुस्लिम गणितज्ञाचं नाव आहे : मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी.

त्यांचा जन्म साधारण इ.स. 780 चा. नावावरून त्यांचं मूळ मध्य आशियातल्या ख्वारिज्म प्रांताशी जोडलं जातं. हा भाग आज उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानात येतो. त्यांनी काम केलं ते बगदादमध्ये, खलीफा अल-मामून (813 ते 833) यांच्या काळात, ‘बैतुल हिकमा’ या ज्ञानकेंद्रात.

820 च्या सुमारास त्यांनी ‘अल-जब्र’वरचा ग्रंथ लिहिला. त्यावरूनच बीजगणिताला ‘अल्जेब्रा’ म्हणतात. त्यात आजच्यासारखे एक्स-वाय नाहीत, सगळं शब्दांत आहे. त्यातलं एक प्रसिद्ध गणित पाहू. एका संख्येचा वर्ग आणि तिची दहापट मिळून 39 होतात, तर ती संख्या कोणती? पायऱ्या अशा : 10 चे निम्मे 5, त्याचा वर्ग 25, त्यात 39 मिळवले की 64, त्याचं वर्गमूळ 8, त्यातून 5 वजा केले की 3. हेच जावामध्ये चार-पाच ओळींत लिहिता येतं.

त्यांचा दुसरा ग्रंथ हिंदुस्थानी अंकांवर आणि त्यांनी करायच्या हिशेबावर होता. हे अंक हिंदुस्थानातून आले, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. त्याची अरबी प्रत आज उपलब्ध नाही. बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला, तिथे लेखकाचं नाव ‘अल्गोरित्मी’ झालं आणि पुढे त्या पद्धतीलाच ते नाव चिकटलं. इ.स. 850 च्या सुमारास त्यांचं निधन झालं.

आम्हाला यात सर्वात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ‘अल-जब्र’चा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीवर आहे. लोकांना रोज अडणारे हिशेब बिनचूक सुटावेत म्हणून हे गणित लिहिलं गेलं. आपल्याकडे मात्र आजही कितीतरी घरांत वाटणीची वेळ आली की हिशेब ‘नंतर बघू’ म्हणून राहतो आणि बहिणीचा हिस्सा बुडतो.

समजा एखाद्याच्या मागे फक्त पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी आहे. कर्ज आणि वसीयत वजा करून उरलेल्या मालमत्तेचे 24 भाग केले, तर पत्नीला 3, मुलाला 14 आणि मुलीला 7 भाग मिळतात. जावा शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी याचा प्रोग्राम लिहावा, आलिमांकडून तपासून घ्यावा आणि घरच्यांसमोर चालवून दाखवावा. अल-ख्वारिज्मींचा नुसता अभिमान बाळगण्यापेक्षा हे काम जास्त उपयोगी पडेल.